ढिल्या धाग्याची कबुली

मी मायक्रोमीटर. चार वर्षं तोंड शिवून बसलो, आज मात्र बोलणार आहे. नावाला कुणी बिचकू नका. तळहातावर मावेल एवढी पितळेची डबी, तिला एक बारीक आट्यांचा स्क्रू, स्क्रूच्या टोकाला आकडे कोरलेलं चाक आणि डबीच्या पोटात कोळ्याच्या जाळ्याचे दोन धागे. एवढंच माझं घरदार.

दुर्बिणीला माणूस जिथं डोळा लावतो, तिथं मला बसवतात. आकाशात काही तारे जोडीनं राहतात. नुसत्या डोळ्याला एक दिसतो, दुर्बिणीतून पाहिलं की दोन. ते एकमेकांभोवती फिरत असतात, आणि ते किती जवळ आले किंवा किती लांब गेले हे मोजायचं माझं काम. एक धागा एका ताऱ्यावर ठेवायचा, स्क्रू फिरवून दुसरा धागा दुसऱ्या ताऱ्यावर न्यायचा, चाकावरचा आकडा वहीत लिहायचा. आकडा वाचणारा माझ्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो. तोच विश्वास मी बुडवला, म्हणून ही कबुली.

माझा जन्म विलायतेतला, १९२९ सालचा. निळ्या मखमलीच्या पेटीत निजून आगबोटीनं मुंबईला आलो तेव्हा काय माझा तोरा! एका इंग्रज इंजिनिअरानं मला आणि एका पाच इंची दुर्बिणीला बारामतीला आणलं. तो कालव्यावर साहेब होता. कालव्याला इकडं पाट म्हणतात. साहेबानं हौसेनं चार-दोन वर्षं आम्हांला वापरलं आणि मग कपाटात टाकून दिलं. स्वराज्य आलं, साहेब निघाला, आणि जाताना हाताखालच्या जोतीरामरावांना म्हणाला, तुला आवडतं ना हे, मग ने घरी.

जोतीरामराव पाटावरचे ओव्हरसियर. अंथुर्ण्याजवळ पाटाच्या कडेलाच त्यांचं सरकारी घर. चहूबाजूंनी ऊस, पुढं थोडं मोकळं अंगण, अंगणात दुर्बिणीसाठी बांधलेला ओटा. घरात ते आणि त्यांची बायको विजयमाला. मूलबाळ नव्हतं. माणूस सरळ आणि कामाला चोख. फक्त आपलं मोजमाप कधी चुकत नाही, अशी त्यांची पक्की खात्री.

पुण्यात एक निवृत्त प्राध्यापक होते. जोडताऱ्यांची मापं गोळा करून त्यांची यादी छापायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. जोतीरामरावांना त्यांनी पुनर्वसू नक्षत्रातला एक तारा नेमून दिला. तरण्या पावसाचं नक्षत्र म्हणून शेतकऱ्याला पुनर्वसू ठाऊक असतं, पण त्यातला एक तारा खरं तर जोडी आहे, हे कुणाला माहीत? ती जोडी वर्षागणिक जवळ येत होती. दोन फर्लांगांवर ठेवलेला ज्वारीचा दाणा दिसावा, तेवढीच फट दोघांत उरली होती. अंधार पडला की ते तारे इतके झळाळतात की फटच बुजून जाते. म्हणून दिवेलागणीला, आभाळात उजेड असतानाच मोजायचं. त्या उजेडावर माझे धागे काळे आणि स्पष्ट दिसतात.

प्राध्यापकांनी पत्रात बजावलं होतं, मापं खंड न पडता हवीत आणि मोजणाऱ्याचं नाव छापलं जाईल. आता पाटाला पाणी सुटलं की ओव्हरसियर घरी कसला? आठ-आठ दिवस ते सायकलीवर, दिवस मावळून गेल्यावर परतायचे. म्हणून त्यांनी विजयमालाबाईंना मोजायला शिकवलं. ते घरी असले की दुर्बीण त्यांची आणि चूल बाईंची. ते पाण्यावर गेले की दोन्ही बाईंचं.

खरं सांगतो, असा हात मी विलायतेतही पाहिला नव्हता. स्क्रू फिरवताना त्या श्वास धरून ठेवायच्या. एकदा जुळलं तरी पुन्हा मागं नेऊन पुन्हा जुळवायच्या, असं पाच वेळा. मग पदराला हात पुसून आकडा लिहायच्या.

शेजारी सारजा नावाची धनगराची म्हातारी राहायची. घरची माणसं आता उसात कामाला जात, मेंढरं उरली होती पाच-सात. संध्याकाळी ती ओट्याशी येऊन बसायची. एकदा तिनं विचारलं, "ह्यात तुला काय मिळतंय गं?"

बाई म्हणाल्या, "कागुद छापून येणार हाय. त्यावर माझं नाव. म्हायारी मी चौथी पोरगी, नाव ठिवलं नकोशी. लगनात विजयमाला झाले, पर ते नाव कुठं लिवल्यालं न्हाय. छापून आलं तर आईला न्हिऊन दावीन."

हे मी ऐकलं होतं. ऐकूनसुद्धा मी जे केलं, त्याची मला जास्त लाज वाटते.

१९५४ सालच्या जानेवारीत मला साफ करताना जोतीरामरावांच्या हातून माझा सरकता धागा तुटला. सारजानं तिच्या गोठ्यातल्या कोळ्याचा नवा धागा काटकीवर गुंडाळून आणून दिला. भर दुपारी, कोरड्या हवेत, जोतीरामरावांनी तो मेणानं चिकटवला. मला तेव्हाच जाणवलं की हा हवा तेवढा ताणलेला नाही. पण दिसायला तर ताठ दिसत होता. मी म्हटलं, दिसतोय ना, मग झालं. साहेबाच्या पेटीतला ना मी, मला कोण नाव ठेवणार?

घात झाला तो पाण्यानं. पाटाला पाणी सुटलं की भोवतीचा ऊस भिजायचा, अंगणाला ओल यायची, संध्याकाळची हवा जड व्हायची. त्या ओलीनं नवा धागा ढिला पडायचा आणि मधोमध जरासा झोल यायचा. केसाच्या शंभराव्या हिश्श्याएवढा असेल, पण ताऱ्यांच्या बाबतीत तो फार झाला. पाणी बंद झालं, रान वाळलं की धागा पुन्हा ताठ, जणू काही झालंच नाही.

आता बघा कसं जुळून आलं. कोरड्या दिवशी मोजायचे जोतीरामराव. ओल्या दिवशी मोजायच्या बाई. कोनाच्या सर्वांत बारीक मापाला विकला म्हणतात. जोतीरामरावांचं माप यायचं दोन पूर्णांक तीन विकला. बाईंचं दोन पूर्णांक सात. दर खेपेला, न चुकता. मी चारचौघांत उभा राहून एका माणसाला खरा ठरवत होतो आणि दुसऱ्याला खोटा, आणि दोघांनाही ते कळत नव्हतं.

मे महिन्यात पुण्याहून पत्र आलं. दुसऱ्या निरीक्षकाची मापं सातत्यानं जास्त दिसतात, ठेवायची की गाळायची ते तुम्हीच ठरवा. जोतीरामरावांनी फार विचार केला नाही. लाल शाईची दौत घेतली आणि बाईंच्या एकूण एक आकड्यांवर रेघ ओढली.

"तुझा डोळा जरा वाकडा दिसतूय," ते म्हणाले. रागानं नाही, समजुतीनं. "काईंचा असतो तसा. तुझा दोष न्हाय त्यात."

"पाच-पाच येळा बघितलं हुतं मी," बाई म्हणाल्या.

"वाकड्या डोळ्यानं पाच येळा बघितलं, तर पाच येळा वाकडंच दिसणार."

बाईंनी पदर खोचला. खाली मान घालून भाकरी थापायला गेल्या. मी खुंटीला लटकून सगळं ऐकत होतो. मला जीभ असती तर त्या क्षणी ओरडून सांगितलं असतं. पण उगाच मोठेपणा कशाला घेऊ? जीभ नव्हती हे खरं, आणि आपलं बिंग फुटलं नाही म्हणून मला आतून बरं वाटलं होतं, हेही तितकंच खरं.

पुढं वर्षभर बाईंनी मला हात लावला नाही. पाण्याच्या दिवसांत वहीतल्या जागा रिकाम्या राहू लागल्या. चुलीच्या धुरानं डोळा बिघडला असेल म्हणून त्या रोज सकाळी डोळ्यांत गाईच्या दुधाचे थेंब घालायच्या. दारात उभ्या राहून लांबच्या बाभळीच्या शेंगा मोजायच्या, आणि मोजून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. चांगल्या डोळ्यांना औषध करणारी ती बाई बघून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

१९५५ च्या एप्रिलात जोतीरामरावांचा पाय पाटाच्या मोरीवरून घसरला आणि घोटा मुरगळला. ऐन पाण्याच्या दिवसांत ते घरी. संध्याकाळी काठी टेकत ओट्यावर आले, मला लावलं आणि मोजलं. दोन पूर्णांक सात. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. दोन पूर्णांक सात. पाचव्या खेपेनंतर ते खाली बसले. मग मला काढून घरात नेलं, कंदिलापुढं धरलं आणि भिंग लावून माझ्या पोटात पाहिलं. धाग्याचा झोल त्यांना दिसला. आयुष्यात मला कुणी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं, आणि पाहू नये असं त्या दिवशी मला वाटलं.

त्यांनी आकडा वहीत लिहिला. बाईंना मात्र काही बोलले नाहीत. एक दिवस गेला, दोन गेले, आठ गेले. रान वाळलं, धागा ताठ झाला, तेही भिंगातून बघून झालं. जेवताना ते बाईंकडं बघायचे आणि पुन्हा ताटात बघायचे. चुकलेलं मोजमाप कबूल करायची सवय त्यांना नव्हती. आम्ही दोघे एकाच खोलीत एकच गोष्ट लपवून बसलो होतो.

नवव्या दिवशी झाडलोट करताना बाईंनी वही उचलली आणि उघडली.

"हे अक्षर तुमचंच न्हवं?"

"व्हय."

"त्या दिशी पाटाला पाणी हुतं."

"हुतं."

"मग तुमचाबी डोळा वाकडा?"

जोतीरामरावांनी वही त्यांच्या हातातून घेतली. मग म्हणाले, "डोळा कुणाचाच न्हाय वाकडा. ओल आली की यंत्राचा धागा ढिला पडतूय. चुकलं माझं."

"कवा कळलं?"

"आठ दिस झालं."

बाईंचा आवाज चढला नाही. "आठ दिस मी डोळ्यांत दूध घालतीय, आन तुमी बघताय," एवढंच म्हणाल्या आणि झाडू घेऊन बाहेर गेल्या.

त्याच दुपारी जोतीरामरावांनी पुण्याला सविस्तर पत्र लिहिलं. दोष यंत्राचा आणि ते यंत्र दुरुस्त करणाऱ्याचा, निरीक्षकाचा नव्हे; तरी विजयमालाबाईंचं नाव यादीत घ्यावं. उत्तर आलं ते यादीसकट. ती छापून झाली होती. आमच्या ताऱ्यापुढं एकच नाव होतं, जोतीरामरावांचं. पुढची यादी तीन वर्षांनी निघणार, तेव्हा जरूर घेऊ, असं प्राध्यापकांनी लिहिलं होतं. तो छापील कागद जोतीरामरावांनी कुणालाच दाखवला नाही, ट्रंकेच्या तळाशी घातला.

माझा धागा पुन्हा बदलला. या खेपेला सारजा समोर बसली होती. जोतीरामराव कोरडा धागा ताणायला लागले तशी म्हातारी म्हणाली, "ओव्हरशेर, बाजंचा सुंभ कोरडा ताणतासा व्हय? भिजवून ताणला की मग कवा झोल धरत न्हाय. यवढं शिकून यवढं ठावं न्हाय तुमाला?" त्यांनी निमूटपणे धागा ओला केला. तेव्हापासून पाटाला कितीही पाणी येवो, माझा धागा ताठ तो ताठच.

तुम्ही म्हणाल, मग आता रडतोस कशाला? झालं ना सगळं नीट?

धागा नीट झाला. बाई नीट झाल्या नाहीत. जोतीरामरावांनी विनवून त्यांना पुन्हा ओट्यावर आणलं. त्या मोजतात, हात अजून तसाच स्थिर आहे. पण आकडा लिहीत नाहीत. पेन्सिल धरून थांबतात आणि विचारतात, "तुमचं किती आलं?" ते म्हणतात, "आगं, तू आधी लिही." त्या हसतात आणि लिहीत नाहीत. मग जोतीरामरावांचा आकडा कळला की आपल्या नावापुढंही तोच लिहितात. गेल्या साली जोतीरामरावांना ताप होता, हात कापत होता, त्यांचं माप चुकलं. बाईंचं अगदी बिनचूक होतं, माझ्या चाकानं पाहिलंय. तरी बाईंनी नवऱ्याचंच चुकीचं माप आपल्या नावापुढं लिहिलं. पूर्वी बाईंचे आकडे चुकीचे होते पण त्यांचे स्वतःचे होते. आता तेही राहिले नाहीत, आणि हे मी केलंय.

आज १९५८ चा एप्रिल. नव्या यादीसाठी मापं धाडायला आठ दिवस उरलेत. जोतीरामराव कामासाठी नरसिंहपूरला गेलेत, परवा येतील. आज संध्याकाळी बाईंनी एकटीनं मला लावलं. जोडी आणखी जवळ आलीय, फट दिसणं कठीण झालंय. त्यांना ती दिसली. पाच वेळा जुळवलं, पाचही वेळा एकच आकडा. पेन्सिल उचलली, वहीवर टेकवली, आणि पुन्हा ठेवली.

"येऊ दे त्यास्नी," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मला पेटीत ठेवलं.

विजयमालाबाई, माफी मागायला मला तोंड नाही. लाल रेघ ओढायची होती ती माझ्यावर ओढायची होती. आज पाटाला पाणी आहे, हवा ओली आहे आणि माझा धागा ताठ आहे. तुमचा डोळा तेव्हाही सरळ होता. मला ठेवताना तुमच्याकडून चाक शून्यावर फिरवायचं राहिलंय, तुमचा आकडा अजून त्यावरच आहे. परवापर्यंत थांबू नका. पेटी उघडा, बघा, आणि कुणाला न विचारता लिहा.