न दिलेली ओ

आबाजी पुढे चालला होता आणि शालन बरीच मागे. घळीची वाट तशी चढाची नव्हती, पण खडी पायाखालून सरकायची आणि आबाजीची साठी उलटून गेलेली. तो वळणावर दम खायला थांबला की शालनही थांबायची आणि पदर पुढे ओढून कुठल्यातरी बाभळीकडे बघत राहायची.

ती त्याच्या धाकट्या भावाची, श्रीपतीची बायको. धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, तरी शालनचा आवाज कसा आहे हे आबाजीला धड ठाऊक नव्हतं. काही सांगायचंच झालं तर ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघून पुटपुटायची, "भाकरी झालीया म्हनावं." आबाजीही कोंबड्यांनाच उत्तर द्यायचा, "येतो म्हनावं." श्रीपती मध्ये बसून पोट धरून हसायचा. आता तो नव्हता. आज त्याचं वर्षश्राद्ध होतं, आणि तो जिथे गेला तिथे निवद ठेवायला ही दोघं निघाली होती.

वणवा गेला त्याला वर्ष झालं, तरी घळ अजून सावरत होती. पावसाळ्यात आलेलं गवत चैत्रात पुन्हा वाळून गेलं होतं. बाभळी एका अंगाने कोळसा आणि दुसऱ्या अंगाने हिरव्या. तरवड मुळातून फुटला होता आणि नको तितका पिवळा फुलला होता. ओढ्याच्या तळाला पाण्याचा टिपूस नव्हता. खडकांवरची काजळी मात्र एवढ्या पावसातही धुऊन गेली नव्हती.

वाळलं गवत जाळलं की वळवाच्या पावसाला कोवळं फुटतं आणि मेंढरं जगतात, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. जंगल खात्याला पसंत नाही म्हणून कुणी बोलून दाखवत नाही, एवढंच. पण जाळायलाही एक शिस्त होती. आधी घळीच्या तोंडाशी उभं राहून हाळी द्यायची. आत कुणी असेल तर तो ओ देतो. ओ आली नाही तरच काडी ओढायची.

गेल्या वर्षी काडी आबाजीने ओढली. वारं फिरलं आणि जाळ घळीत घुसला. श्रीपती आत होता. अशक्त कोकरं घेऊन झऱ्याजवळच्या कपारीत सावलीला बसला होता. तो सापडला तेव्हा त्याच्या घोंगडीखाली दोन कोकरं जिवंत होती.

आबाजी सांगत राहिला, मी हाळी दिली होती. गावाला ते पटेना. फाट्यावरचा हॉटेलवाला सर्जेराव म्हणाला, "सख्ख्या भावाची हाळी ऐकून गप बसायला श्रीपती काय मुका व्हता?" गावाचा निकाल तिथेच लागला. कुणी दंड केला नाही, शिवी दिली नाही. फक्त राम राम बंद झाला. आबाजी पारावर जाऊन बसला की माणसं कामं आठवल्यासारखी उठायची. वर्षभर त्याने रानातल्या खोपटात वेगळं राहून हे काढलं. आज दुपारच्या एसटीने तो अंथुर्ण्याला लेकीकडे निघाला होता, कायमचा. जाण्याआधी भावाची जागा एकदा बघायची, म्हणून तो शालनच्या आधीच घळीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता.

कपारीपाशी शालनने धोंडा पुसला, निवद ठेवला, उदबत्ती लावली. आबाजीने पागोटं काढून हातात घेतलं. 

"शालन," तो म्हणाला. सवयीने तोही खडकाकडे बघूनच बोलत होता. "आज चाललोय. जाताना खोटं कशाला बोलू? आदी म्या छातीवर हात ठिऊन सांगायचो, हाळी दिली म्हनून. आता माझं मलाच उमगंना. पडल्या पडल्या इचार करतो, तोंड उघडलं व्हतं का? का नुसतं मनात म्हनलो आन् काडी वढली? समदं गाव म्हनतंय, त्ये काय उगंच म्हनंल?" तो धोंड्यापुढे उकिडवा बसला. "तसं असंल तर मीच मारला की गं त्याला."

शालनने बाभळीच्या काळ्या बुंध्यावर नजर रोवली.

"दिलती," ती म्हणाली.

आबाजीने मान वळवली.

"तीनदा दिलती. 'घळीत हाय का कोन? जाळ लावतूय!' मी वरल्या अंगानं भाकरी घिऊन येत व्हते. चांगली ऐकली."

"मग त्यो? त्यानं न्हाय ऐकली?"

"ऐकली असंल. पर त्यांचा ऐतवार व्हता." शालनचे शब्द आता थांबत नव्हते. "त्यांनी बिरोबाला नवस बोलल्ता. माजी दोन बाळं आदीच गेल्ती न्हवं? तिसऱ्या खेपंला म्हनलं, ह्ये लेकरू जगू दे, जलमंपतुर दर ऐतवारी दिस मावळस्तवर त्वांड उघडनार न्हाय. नवस सांगितला तर फळत न्हाय, म्हनून माज्याबिगर घरात बी कुनाला कळू दिलं न्हाय. पहाटंच मेंढरं घिऊन जायाचं आन् अंधार पडल्यावर यायाचं."

 आबाजीने एकदम विचारलं, "आन् तू? तू वर व्हतीस. त्यो बोलनार न्हाय ह्ये तुला ठावं व्हतं. तू का ओ दिली न्हाईस?"

शालनच्या पदराचं टोक तिच्या मुठीत चुरगळलं होतं.

"तुमच्याम्होरं कसं वरडू, आबा? कदी बोलले न्हाय. वाटलं, ऐकलंय त्यांनी, येतील वर."

"वरीस झालं!" आबाजी ओरडला. "माज्या दारात कुत्रं उभं ऱ्हाईना. आन् तू मुकी बसलीस!" त्याने काठी खडकावर आपटली आणि तो निघूनच गेला. खडीवरून घसरत, सावरत. शालन तिथेच खाली बसली आणि पोटभर रडली. वर्षभरात तिला अशी एकटी जागा मिळाली नव्हती.

ती खाली आली तेव्हा आबाजी शेवटच्या वळणावर दगडावर बसला होता. ती नेहमीसारखी मागेच थांबली.

"पोरीचं नाव काय ठेवलंय?" त्याने विचारलं. मुलगी सहा महिन्यांची झाली होती, पण हे विचारायला तो दारात आला नव्हता आणि त्याला कुणी बोलावलंही नव्हतं.

"सृष्टी. बारामतीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं सुचवलं."

"चांगलं हाय." त्याने काठीने पायाजवळची खडी बाजूला सारली. "घरात तुजा आवाज कदी ऐकला न्हाय. रीत आमचीच. तू तरी काय करनार."

"मी आज फाट्यावर सांगते समद्यांना."

"काय सांगशील? पोरीच्या नवसापायी बाप जळाला म्हनून?" आबाजीने मान हलवली. "बापाला खाऊन आली म्हनतील तिला. शाळंत म्हनतील, लग्नात म्हनतील. आपलं गाव तुला ठावं हाय. जे हाय त्ये माज्या टकुऱ्यावर ऱ्हाऊ दे. मी किती दिवसाचा?"

"पर आबा..."

"सांगू नगंस. माझं मला कळलं न्हवं, हाळी दिलती म्हनून? बास झालं तेवढं." त्याने डोळे पुसले आणि पागोटं डोक्यावर चढवलं. "त्यानं माजा आवाज वळखला असंल गं. दादा हाय, सांभाळून लावंल म्हनून बिनघोर बसला असंल."



फाट्यावर सर्जेरावच्या हॉटेलात दुपारची गर्दी होती. लिंबाच्या सावलीत शालनची आई आक्काबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. आबाजी सगळ्यांपासून लांब, उन्हात, आपल्या बोचक्याशेजारी उभा राहिला. कुणी त्याला सावलीत ये म्हणालं नाही. एसटी दिसली तसा सर्जेराव मोठ्याने म्हणाला, "चला, सुटलं गाव एकदाचं." दोघे-तिघे हसले.

शालनने आईच्या मांडीवरून पोरगी उचलली आणि सगळ्यांदेखत चालत जाऊन आबाजीपुढे उभी राहिली. तिने त्याच्या तोंडाकडे सरळ बघितलं. मग पोरीला सावरत वाकली आणि त्याच्या पायांवर डोकं टेकवलं. "आबा, जपून जावा," ती म्हणाली, हॉटेलातल्या शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जाईल असं.

आबाजीने पोरीच्या डोक्याकडे हात नेला, पण तो टेकायच्या आत कंडक्टरने घंटी मारली. तो घाईने चढला. खिडकीची जागा त्याला मिळाली नाही.

"नवरा जाळनाऱ्याच्या पाया पडती!" मागून कुणी तरी म्हणालं. "हिला काय म्हनावं?"

शालन वळली. ओठांवर आलेलं तिने गिळून टाकलं. धुरळ्याने पोरगी शिंकली, मग रडायला लागली. शालनने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं आणि हॉटेलापुढून घराकडे चालायला लागली. एरवी सर्जेराव तिला हाक मारून म्हणायचा, वैनी, पानी तरी पिऊन जावा. आज तो कपबशा विसळत राहिला.