पीळ

कडूबाईनं डायपरचं पाकीट कपाटाच्या माथ्यावर पार भिंतीपर्यंत ढकललं आणि ती स्टुलावरून खाली उतरली. सुनेचा हात तिथवर पोचणार नाही, हे तिनं आधीच मापून घेतलं होतं.

"आजपासून हे प्लास्टिक बंद," ती तनुजाला म्हणाली. "लेकराचं बूड सोललंय."

चार महिन्यांची अक्षदा पलंगावर उघडी पडून पाय झाडत होती. तिच्या जांघांत तांबडे चट्टे उठले होते. रात्रभर एकच डायपर राहत होता हे तनुजाला ठाऊक होतं, त्यामुळे सासूपुढे तिची बाजू लंगडीच होती.

कडूबाईनं ट्रंकेतून मयत नवऱ्याचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर काढलं आणि फाडून त्याची वीस फडकी केली. नातीसाठी ती गंगापूरकडच्या खेड्यातून शहरातल्या पडेगावच्या या फ्लॅटमध्ये आली होती. आल्यापासून आज पहिल्यांदाच तिला इथं आपला काही उपयोग आहे असं वाटलं. फडकी धुवायचं काम तिनं कुणालाच दिलं नाही. तनुजानं एकदा ती वॉशिंग मशीनमध्ये टाकायला घेतली, तर म्हातारी जवळजवळ धावूनच आली.

"मशीन पिळतं."

"मग काय झालं, आई? पटकन वाळतील."

"तान्ह्याचं फडकं पिळू नाय. लेकराच्या पोटाला पीळ पडतो."

तनुजानं फडकी परत बादलीत टाकली. कडूबाई बादलीत मूठभर पावडर टाकून फडकी चोळचोळ चोळायची, एका पाण्यातून काढायची आणि निथळत तशीच गॅलरीतल्या दोरीवर टाकायची. नळ आठवड्यातून एकदा येई, तिथं दुसऱ्या पाण्याची चैन परवडणारी नव्हती. दिवेलागणीच्या आत मात्र ती एकूण एक फडकं मोजून घरात घेई. फडकी पांढरीशुभ्र निघत आणि त्याचा तिला अभिमान वाटे. वाळल्यावर ती जरा कडक लागत, पण धोतर जुनं आहे, असायचंच, असं ती म्हणे.

चौथ्या दिवशी चट्टे मांड्यांवर उतरले. पाचव्या दिवशी एका ठिकाणची कातडी निघाली, आणि ओलं फडकं अंगाला लागताच अक्षदा श्वास धरून रडू लागली. हे रडणं कडूबाईच्या ओळखीचं होतं.

छत्तीस वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा, सोमनाथ, असाच श्वास धरून रडायचा. त्याची कातडीही इथंच सुटली, मग पिकली, मग ताप भरला. गंगापूरच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर एसटीची वाट बघता बघता फाट्यावरच तो तिच्या मांडीवर गेला. त्यालाही तेव्हा चारच महिने झाले होते.

तो कुणामुळे गेला, याबद्दल कडूबाईला कधी शंका नव्हती. थोरली जाऊ, वच्छलाबाई. एरवी कडूबाई स्वतःच धुऊन न पिळता वाळत घालायची, पण ती आजारी होती म्हणून एक दिवस वच्छलाबाईनं विहिरीवर सोमनाथची फडकी धुतली, आणि दारात बसलेल्या कडूबाईनं तिला ती करकचून पिळताना डोळ्यांनी पाहिलं. पोर गेल्यावर तिनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, तू पिळलं का नाय? वच्छलाबाई म्हणाली, "कडू, फेस..." पुढचं कडूबाईनं ऐकूनच घेतलं नाही. त्या दिवसापासून एका घरात दोन चुली झाल्या. नंतर सुदर्शन, म्हणजे तनुजाचा नवरा, झाला, त्याला मरणानं उचलू नये म्हणून ती सांडू म्हणायची, सांडून दिलेला. भीतीपोटी तिनं त्याला कधी फडकं बांधलंच नाही. तो उघडाच मातीत वाढला आणि जगला.

आता दुपारी गॅलरीतली फडकी हलली, की त्यांच्यामागे कुणीतरी आहे असं तिला वाटे. ती उठून बघे. कुणी नसे. नातीच्या तोंडाकडे बघायलाही ती भिऊ लागली, कारण तिथं तिला सोमनाथचं तोंड दिसे. तो परत आलाय का, हे विचारायचं तरी कुणाला?

सहाव्या दिवशी तनुजानं कुणाची परवानगी न मागता रिक्षा बोलावली. कडूबाई निमूटपणे मागे बसली.

डॉक्टरबाईंनी बाळाला उघडं करून नीट पाहिलं.

"डायपर किती वेळ ठेवत होता?"

"रात्री एकच," तनुजा खाली मान घालून म्हणाली.

"सुरुवात तिथून झाली. ओल राहिली की कातडी नाजूक होते. पण डायपर सोडल्यावर कमी व्हायला हवं होतं." त्यांनी बाळाखालचं कोरडं फडकं बोटांत चोळून पाहिलं, बेसिनच्या नळाखाली भिजवलं आणि दोन्ही हातांनी धरलं.

"पिळू नका," कडूबाई म्हणाली.

तोवर त्यांनी पिळलंही होतं. बोटांच्या फटींतून पांढरा फेस आला. त्यांनी पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा पिळलं, पुन्हा फेस.

"आजी, सगळा साबण यातच राहिलाय. सोललेल्या अंगाला तो रात्रंदिवस लागतोय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "डायपर वापरा नाहीतर फडकी. पण ओलं झालं की लगेच बदला, साध्या पाण्यानं धुवा, टिपून घ्या, थोडा वेळ उघडं राहू द्या. हे मलम लावा. वेळेवर आणलंत, बरं होईल."

बेसिनमधला फेस हळूहळू बसत होता. तो पुरता जाईपर्यंत कडूबाई तिथून हलली नाही.

घरी आल्यावर तिनं स्टूल ओढलं, पाकीट खाली काढलं आणि सुनेच्या हातात दिलं. मग मोरीत जाऊन तिनं भिजलेलं एक फडकं उचललं. जन्मात पहिल्यांदाच ती तान्ह्याचं फडकं पिळत होती. फेस बोटांवरून मनगटापर्यंत आला.

"वच्छलाआक्काला फोन लाव," तिनं आतूनच सांगितलं.

हे नाव तनुजानं या घरात फक्त शिव्यांसोबत ऐकलं होतं. तिनं नवऱ्याला विचारून नंबर मिळवला, लावला आणि फोन सासूच्या कानाशी धरला. कडूबाईनं एका हातानं तो घेतला.

"आक्का, म्या कडू."

पलीकडं एक शेळी ओरडली.

"बोल," वच्छलाबाईचा आवाज आला. तो फार म्हातारा झाला होता.

"सोमनाथ गेला त्या दिशी तू फेस म्हनलीस. म्या बोलू दिलं नाय. पुढं काय व्हतं?"

"कोन आजारी हाय?"

"नात. तशीच कातडी सुटली व्हती. फडकी म्याच धूत व्हते. बरी व्हईल म्हनली डाक्टरीन."

वच्छलाबाईनं शेळीला हाकलल्याचा आवाज आला.

"पुढं काय नव्हतं," मग ती म्हणाली. "म्या पिळलं. माझंच चुकलं. तू नातीकडं बघ."

कडूबाईच्या दुसऱ्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. तिनं फोन कानावरून काढला नाही. तिकडूनही तो कुणी ठेवला नाही.