झोपलेल्या मेमरीला जागं करणारा

भाचीच्या त्या पत्राचं उत्तर मी दिलं नाही. मामाला फोनवर बोलायची धास्ती वाटते हे तिला लहानपणापासून ठाऊक, म्हणून तिने कागदावर लिहिलं होतं.

"मामा, आमच्या गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक माणूस बसायला लागलाय. सगळे त्याला नाडीवाले म्हणतात. मेमरीच्या, म्हणजे रॅमच्या पट्टीवर दोन बोटं ठेवतो आणि मशीन चौपट पळतं. रांग रस्त्यापर्यंत असते. माझ्या फिल्मला सहा आठवडे उरलेत आणि मशीन रडतखडत चालतंय. माझ्या पट्ट्या त्याच्याकडून जाग्या करून घेऊ का? तू जन्मभर मेमरीच तपासलीस. आठवड्यात कळव."

उत्तर एका शब्दाचं होतं. मी चार मसुदे केले. पहिला फार तोऱ्यातला वाटला, दुसरा मिळमिळीत. मग वाटलं, प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, या नव्या पट्ट्यांतलं मला काय कळतं? आठवडा सरला.

दोन महिन्यांनी ती दारात उभी राहिली. आत आली नाही.

"फिल्म गेली," ती म्हणाली. तीन वर्षं एकटीने एकेक चित्र काढून केलेली बारा मिनिटांची फिल्म. आता चेहऱ्यांतून हिरवे पट्टे जात होते, आवाजाच्या जागी खरखर होती.

"दुसऱ्या प्रती?"

"तीन होत्या. तिन्हींची तीच गत. नाडीवाल्यांनी पट्ट्यांसोबत सेटिंगची चिठ्ठी दिली, तसं मी माझ्या मशीनवर लावलं. मग म्हणाले, मेमरी जागी झाली की सगळं नव्याने उतरवून घ्या, जुन्या प्रतींत जुना आळस राहतो. मी जुन्यांवरच नव्या चढवल्या." तिने माझ्याकडे पाहिलं. "चल. त्याने काय केलं ते मला त्याच्यासमोर ऐकायचंय."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लग्नाचे व्हिडिओ करणारे, खेळांचे शौकीन, कॉलेजची पोरं, सगळे आपापल्या पट्ट्या मऊ फडक्यात गुंडाळून उभे. गुळगुळीत दाढी केलेला नाडीवाला डोळे मिटून बोलत होता.

"कंपनी मेमरी बनवते, पण झोपलेली बनवते! का? जागी बनवली तर तुम्ही पुढची विकत घ्याल का? कागदावरचे आकडे कंपनीचे. नाडी माझी."

"वा!" कुणीतरी म्हणालं.

त्याने एक भलामोठा व्हिडिओ उघडला. चाळीस सेकंद लागले. मग पट्टीवर बोटं ठेवली, ओठ हलवले, तोच व्हिडिओ पुन्हा उघडला. नऊ सेकंद. टाळ्या पडल्या.

भाचीने मला कोपराने ढोसलं.

"एक... विनंती होती. मशीन बंद करून, पुन्हा चालू करून, हाच व्हिडिओ उघडाल का?"

"आजोबा, बंद-चालू करायला हा काय घरचा पंखा आहे?" नाडीवाला म्हणाला. लोक हसले. पण रांगेत पुढे उभ्या एका लग्नाच्या कॅमेरावाल्याला मजा वाटली. "करा की, गुरुजी. आजोबांची हौस फिटू दे."

मशीन बंद झालं. चालू होताना नाडीवाल्याने मोकळ्या हाताने सेटिंगची चार बटणं दाबली. बोटं तर पट्टीवरच होती. एकोणचाळीस सेकंद.

"पहिल्यांदा व्हिडिओ डिस्कवरून आणावा लागतो," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा तो मेमरीत आयताच बसलेला असतो. कोणाच्याही मशीनवर हे होतं, बोटं न लावता."

"मग एक सेकंद तरी वाचला ना!" कॅमेरावाला म्हणाला.

"तो खरा आहे. आत्ता चालू करताना सेटिंगमध्ये जाऊन यांनी मेमरीला झेपेल त्याहून जास्त वेगाने पळवलंय. ते कुणालाही फुकट करता येतं. पण फार पळवली की ती धापा टाकते आणि आत ठेवलेलं चुकीचं सांगते. यांनी वेग मोजला. चुका कुणी मोजल्या?"

भाचीने पिशवीतून स्वतःच्या पट्ट्या काढून दिल्या. मी त्या दुकानाच्या मशीनवर, नाडीवाल्याच्याच सेटिंगवर चढवल्या आणि खिशातल्या पेन ड्राइव्हवरून मेमरीची चाचणी सुरू केली. मिनिटभरात पडदा लाल ओळींनी भरला. प्रत्येक ओळ म्हणजे एक चूक. सेटिंग मूळ जागी आणलं, चाचणी पुन्हा लावली आणि आम्ही तासभर थांबलो. एकही लाल ओळ नाही.

"म्हणजे जे जे या मेमरीतून गेलं..." भाची थांबली.

"ते ते नासलं. प्रतीसुद्धा तिच्यातूनच जातात."

नाडीवाल्याने हात जोडले. "संशयी नजरेसमोर मेमरी बिथरते. पुढचे कोण?"

आणि पुढचा सरकला. कॅमेरावाला मला म्हणाला, "आजोबा, तुमचं बरोबर असेल हो. पण आम्हाला फरक जाणवतो." त्याने आपली पट्टी फडक्यातून बाहेर काढली. लाल ओळी सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. तरी रांगेतून दोघंच घरी गेले.

रस्त्यावर भाचीने विचारलं, "मामा, तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. "तुझं पत्र वाचलं तेव्हाच."

ती म्हणाली, "त्याने मला दहा मिनिटांत फसवलं. तू आठवडाभर विचार करून फसवलंस." आणि ती वळून गेली. त्यानंतर तिचं पत्र नाही.

आज मी पाचवा मसुदा केला. तो असा:

"नको. त्याच्याकडे जाऊ नकोस. ज्याची किमया दुसऱ्यांदा, वेगळ्या हातांनी, सगळ्यांसमोर करून बघता येत नाही, त्याच्या हाती आपली वस्तू देऊ नये. कुणी वेग दाखवला तर त्याला आधी चुका दाखवायला सांग. आणि नवी प्रत तपासल्याशिवाय जुनी कधीही पुसू नये. मी म्हणतो म्हणून हे मानू नकोस. चाचणी कशी करायची ते मागच्या पानावर लिहिलंय, स्वतः करून बघ. ज्याला माहीत असतं आणि जो गप्प बसतो, त्याच्या जिवावरच नाडीवाल्याचं दुकान चालतं. ते मी चालवलं."

पुन्हा वाचलं असतं तर फाडलं असतं. म्हणून न वाचताच पाकीट चिकटवलं, चप्पल पायात सरकवली आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.