जिन्यातली हाक

आरोग्य खात्याच्या सर्वेक्षण कचेरीतल्या नर्सबाईंना सगळे पाठीमागे 'गोचीड' म्हणायचे. बाईंना ते ठाऊक होतं आणि राग सोडाच, थोडा अभिमानच होता. सी प्रकारची कावीळ असलेल्या आयांची बाळं त्यांच्या वहीत असत. आईचा विषाणू बाळात उतरलाय का, हे तपासून कळेपर्यंत बाई पिच्छा सोडत नसत.

त्या दिवशी साहेबांनी वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं. पंधरा महिन्यांची मुलगी, पाच निरोप, तपासणी एकदाही नाही.

"'संपर्क तुटला' लिहा आणि प्रकरण मिटवा."

"नाही लिहिणार. एकदा लिहिलं की त्या पोरीकडे कुणी ढुंकूनही बघणार नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. बाई तडक लॉन्ड्रीत गेल्या. तिथं मुलीची आई चादरींना इस्त्री करत होती. गळ्यातलं ओळखपत्र दिसताच तिचा पारा चढला.

"तुमच्या माणसाने जिन्यात उभं राहून काय हाक मारली, ठाऊक आहे? 'काविळीच्या बाळाची आई कोण?' शेजारीण तेव्हापासून माझ्या लेकीला हात लावत नाही. मी नाही यायची."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने कचेरी हिलाच बेजबाबदार म्हणत होती, आणि त्यात त्या स्वतःही होत्या.

"चूक आमची," त्या म्हणाल्या. "तू येऊ नकोस. मी इथंच रक्त घेते."

आई बराच वेळ इस्त्री फिरवत राहिली. मग टेबलावरच्या चादरी तिने बाजूला सारल्या आणि आतून लेकीला घेऊन आली.

आठवड्याने अहवाल आला. विषाणू होता. सांगायला बाई स्वतःच लॉन्ड्रीत गेल्या. "तीन वर्षांची झाली की गोळ्या देता येतात. बहुतेक पोरं पूर्ण बरी होतात. तोवर दर सहा महिन्यांनी तपासायचं. दवाखान्यात येशील?"

आईने पुढची चादर इस्त्रीखाली ओढली. बाईंनी तिच्यासमोरच वहीत तारीख लिहिली, पण पेन्सिलीने.

"वाढवलात ना आपल्या बाधित बाळांचा आकडा?" कचेरीत साहेब कुरकुरले.

"आकडा होताच, साहेब. आपण डोळे झाकून बसलो होतो."

सहा महिन्यांनी, तपासणीच्या दिवशी दवाखान्यातली बाकं गच्च भरली होती. जिन्यात ओरडणारा कर्मचारी आता प्रत्येकीजवळ जाऊन हळू आवाजात विचारत होता. बाईंनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली होती. दुपार झाली तरी वहीतल्या त्या ओळीपुढे हजेरीची खूण नव्हती.

मग लेकीला कडेवर घेऊन आई आत आली. त्या माणसासमोर थांबली आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काविळीच्या बाळाची आई मी. पुढची तारीख लिहा. पेन्सिलीने नाही, पेनाने."