राणी टायर काढते

धारगळच्या दशावतारी कंपनीत सगुण राणीचं काम करायचा. दिवसा हायवेवर पंक्चर काढणारा हा गडी रंग चढवून मान वेळावू लागला, की बायका घरी जाऊन आरशासमोर तसं करून बघत.

एकदा डिचोलीचा हार्डवेअरवाला गौरेश टायर घेऊन आला. फोनवर एका बाईचा फोटो दाखवून हळूच पत्ता विचारू लागला, "ही प्रिया तुमच्याच गावची मरे? खंय रावता?"

फोटोत नथ घातलेला सगुणच होता.

"हंयच रावता," सगुण म्हणाला. "आत्ता तुझो टायर काढता."

गौरेशला उमगायला वेळ लागला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. या प्रियाने गोड बोलून त्याला एक लिंक पाठवली होती. ती दाबल्यापासून त्याचं मेसेजचं खातं भलताच कुणी चालवत होता, आणि त्याच्या नावाने सगळ्या सोयऱ्यांना तीच लिंक जात होती.

सगुणच त्याला ओढत सायबर पोलिसांकडे घेऊन गेला. फोन तपासणाऱ्या तज्ज्ञ योगिताबाईंनी विचारलं, "फोटोची मूळ फाइल कशी काय मिळाली तुम्हाला?"

"मीच मागितली," गौरेश पुटपुटला. "मोठो करून फ्रेम करूंचो होतो."

बाईंनी हसू गिळलं. "बरं केलंत. एरवी पाठवताना फोटो कुठे, कुठल्या फोनने काढला ही माहिती पुसली जाते. यात सगळी शिल्लक आहे."

फोटो मोरजीच्या जत्रेत, रंगपटात काढलेला निघाला. फोनचं मॉडेलही कळलं. तसला फोन कंपनीत एकाकडेच होता, दिवे लावणाऱ्या निखिलकडे. पोलिसांनी तो जप्त केला. निखिलने मेसेज पुसले होते, पण बाईंनी ते परत काढले. प्रियाच्या नादी लागलेले निम्मे पुरुष तालुक्यातले प्रतिष्ठित होते. सगुणला रागही आला आणि, खरं सांगायचं तर, थोडा अभिमानही वाटला.

"लोकांना सावध करा," बाई म्हणाल्या. "तुमचं ऐकतील."

पुढच्या नाटकात राक्षस पळवायला आला, तेव्हा राणीने त्याला थांबवलं. "खुशाल ने मला. पण अनोळखी बाईने लिंक पाठवली, तर दाबू नकोस हो." मंडप हसून लोळला. पुढे बसलेले काही प्रतिष्ठित मात्र चपला शोधू लागले.

खेळ संपल्यावर गौरेश बायकोला घेऊन रंगपटात आला. ज्योतीने अजून राणीच्याच वेशात असलेल्या सगुणला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नवऱ्याकडे वळली.

"तुमची तशी चूक नाय," ती म्हणाली.