दर्यापल्याडचा नखुला

लग्न दहा दिवसांवर आलं आणि दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सातव्या मजल्यावर गव्हल्यांची पार फजिती झाली.

रुखवतात हातचे गव्हले हवेतच, हा सुनीतीवहिनींचा हट्ट. त्या नवरीच्या आईच्या, उत्तराच्या, मोठ्या जाऊबाई. नोएडाहून पाट, परात आणि चार मैत्रिणी गाडीत घालून आलेल्या. वळवटाचा मुहूर्त पाच सवाष्णींनी करायचा. पाचीजणी हळदकुंकू लावून ऐटीत बसल्या, रव्याची कणीक चिमटीत धरली, आणि पुढं बोटांनी काय करायचं ते एकीलाही येईना. कुणाचा गव्हला शेंगदाण्याएवढा, तर कुणाचा नेलपॉलिशलाच चिकटून बसलेला.

"यार काकू, हे तर मुंगळे झाले!" नवरी मुलगी वैभवी म्हणाली.

"मुंगळे तर मुंगळे. शास्त्रापुरते झाले ना? बाकीचे पुण्याहून पाकिटातले मागवू." वहिनींनी परात बाजूला सारली.

उत्तरा चहा ठेवून दारात उभी होती. तिचा उजवा अंगठा तर्जनीच्या पेरावर आपसूक फिरत होता. तिनं तो हात पदराखाली घेतला.

एके काळी वाईला, तिच्या माहेरी, कुठल्याही घरी लग्न निघालं की आधी उत्तराला बोलावणं यायचं. तिचा गव्हला जिऱ्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. तिचा नखुला म्हणजे अंगठ्याच्या नखावर वळलेला इवलासा शिंपला, धरला तर पलीकडचा उजेड दिसावा. दिल्लीत आली तरी पहाडगंजपासून नोएडापर्यंत कितीतरी रुखवतांत तिच्या हातचे गव्हले मांडले गेले होते. मग तिचे यजमान दिनकर गेले. तिला कुणी 'येऊ नकोस' म्हटलं नव्हतं. वहिनींच्या मुलाच्या लग्नात ती आपणहूनच मागं राहिली, आणि मागं राहायची सवय लागली. आठ वर्षं त्या बोटांनी कणकेचा दाणा वळला नव्हता.

वैभवीनं महिनाभर धोशा लावला होता, "मला पाकिटातले नकोत. तुझ्या हातचे हवेत. नाहीतर रुखवतच नको."

"शुभकार्यात माझा हात नको गं."

"तुझा हात नको, तर मी कुणाच्या हातची आहे?"

उत्तरानं उठून कुकर लावला होता.

रविवारी वैभवीच्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी केळवण ठेवलं. केळवण कसलं, तर गुरुग्राममध्ये पास्ता शिकायचा वर्ग. आपण करायचा, आपणच जेवायचा. "आंटी को भी लाना," असं त्यांनी बजावलं होतं.

शिकवणारा निघाला मराठी. उन्मेष. लातूरहून कलेक्टर व्हायला दिल्लीला आला होता. परीक्षेनं पुन्हापुन्हा नाकारलं, तेव्हा एका हॉटेलात कणीक मळायला लागला आणि मळता मळता इटलीला जाऊन आला.

"इतिहास ऑप्शनल होता माझा," उत्तराला लाकडी पाटी पुसून देत तो हसला. "घरचे म्हणायचे, वाया गेला. बघा, इथं कामाला आला की नाही!"

सगळ्यांपुढं त्यानं रव्याचा ढीग केला, मधे आळं करून कोमट पाणी ओतलं. रवा आणि पाणी, बाकी काही नाही. आणि गोळा मळून, एकेक तुकडा प्रत्येकीच्या पाटीवर ठेवत तो गोष्ट सांगू लागला. कधी हिंदीत सांगे, मधेच उत्तराकडं वळून मराठीत.

"मार्को पोलोनं पास्ता चीनहून नेला असं पेपरात लिहिलंत, तर मार्क गेले समजा. तो परतायच्या कितीतरी आधी सिसिली बेटावर शेवया वाळत होत्या, जहाजं भरभरून बाहेर जात होत्या. वाळवून न्यायची विद्या अरब व्यापाऱ्यांची, असं पुष्कळजण मानतात. चीनचं वेगळंच नवल. तिकडं नदीकाठी जमीन खणताना एक पालथं वाडगं सापडलं. उचलून बघतात, तर खाली शेवया! चार हजार वर्षांपूर्वीच्या. भूकंप झाला, पूर आला, जेवणारं माणूस गेलं. वाडगं पालथं पडलं, म्हणून शेवया राहिल्या."

उत्तराच्या मनात आलं, चार हजार वर्षं! कुण्या बाईनं त्या सकाळी त्या शेवया ताणल्या असतील, ओल्या हातानं कपाळावरची बट मागं सारली असेल. तिचं नाव बुडालं, गाव बुडालं, नदीनं पात्र बदललं असेल, आणि तिच्या बोटांनी ओढलेली रेघ तेवढी मातीखाली तशीच जागी राहिली.

उन्मेष सांगत होता, इटलीत नेपल्सच्या रस्त्यावर लोक मान मागं टाकून हातानंच मॅकरोनी तोंडात सोडायचे. टोमॅटो तर नंतर आला, समुद्र ओलांडून. आणि आता सरोजिनी नगरच्या बाजारात मोमोवाल्याच्या शेजारी कढईत लाल पास्ता उडतो, वर चाट मसाला पडतो. उत्तराला वाटलं, गहू म्हणजे केवढा मोठा वाटसरू. वाळवंटातून गेला, गलबतात बसला, राजाच्या ताटात पडला आणि फुटपाथवर द्रोणातही. जिथं गेला तिथं कुठल्या ना कुठल्या बाईच्या अंगठ्याखाली मुकाट्यानं आडवा झाला. तिच्या मनात आपसूक ओवी आली:

दाण्या रं गव्हाच्या, किती फिरलास देश,
अंगठ्याच्या खाली तुझा एकच रं वेश.

"आई," वैभवी हळूच म्हणाली.

"काय गं?"

"खाली बघ."

उत्तरानं खाली पाहिलं. पाटीवर नखुले पसरले होते. पातळ, एकसारखे, चंद्रकोरीसारख्या कडांचे. ऐकता ऐकता तिच्या हातानं सगळा गोळा वळून संपवला होता. मैत्रिणी आपापले लगदे सोडून भोवती गोळा झाल्या होत्या.

तिनं चटका बसल्यासारखा हात मागं घेतला, पदरात लपवला. "अगंबाई, चुकून... तुझ्या केळवणाला..."

"आई, हा पास्ता आहे." वैभवीचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते. "पास्त्याला सवाष्ण लागत नाही."

उन्मेष मात्र बघतच राहिला. "काकू, हे तुम्ही कुठं शिकलात? हे मी तुम्हाला शेवटी दाखवणार होतो." त्यानं फोन काढला. "इटलीत बारी नावाचं गाव आहे. जुन्या गल्लीत बायका दारासमोर टेबल टाकून पास्ता वळत बसतात."

पडद्यावर चुन्यानं पांढरी केलेली भिंत होती, आणि एक म्हातारी. कणकेचा तुकडा सुरीखाली ओढला, अंगठ्यावर उलटा केला, टाकला. ओढला, उलटा केला, टाकला. तोच झटका, मनगटाचा तोच हेलकावा. टेबलावर छोट्या कानांसारख्या नखुल्यांचा ढीग. तिचं तोंड सारखं पुटपुटत होतं, तीही काहीतरी गुणगुणत असावी.

उत्तरानं फोन दोन्ही हातांनी धरला. तिला वाटलं, आपण आरशातच बघतोय. सातासमुद्रांपलीकडं आपला हात आपल्याआधी जाऊन बसलाय.

"ही काळं का नेसलीय?"

"नवरा गेला की तिकडच्या जुन्या बायका काळंच घालतात काकू. हिचा कधीच गेलाय."

"आणि एवढा ढीग कुणासाठी?"

"नातीचं लग्न होतं. पहिलं ताट आजीच्या हातचं हवं म्हणून ती पोरगी अडून बसली होती."

ती म्हातारी पुन्हा पुन्हा तोच तुकडा अंगठ्यावर उलटत राहिली. काळ्या बाहीतून बाहेर आलेला तो हात पिठानं पांढराशुभ्र झाला होता.

घरी निघताना वैभवीनं डब्यात नखुले भरले. "रुखवतात ठेवते. काकूंनी विचारलं तर सांगेन, पास्ता आहे."

"नको," उत्तरा म्हणाली. "पास्ता म्हणून नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पुण्याची पाकिटं घेऊन आल्या, तर उत्तरा बाल्कनीच्या उन्हात पाटावर बसलेली. पुढं परात, मांडीवर ओलं फडकं, शेजारी पांढरं धोतर पसरलेलं.

वहिनी दारातच थबकल्या. "अगं उत्तरा! तू?"

"मीच. मुहूर्त तुम्ही केलात वहिनी, तो तुमचाच. पुढचं माझ्या लेकीचं आहे, ते मी करणार."

वहिनींनी पाकिटं स्टुलावर आपटली. "मग आधी सांगायचं नाही? कुरिअरवाल्याशी भांडून आणली मी! आठ वर्षं हात बांधून बसलीस, मला वाटलं तुला नकोच आहे. विचारायची भीती वाटायची गं." पदर खोचत त्या शेजारी टेकल्या. "दाखव आता. माझे मुंगळे का होतात?"

"चिमूट मोठी घेता. आणि जीव घेतल्यासारखं दाबता."

"जावेला टोमणे मारायला बरी जीभ सुटली!"

वैभवी चहा घेऊन दाराशी उभी राहिली, तिला आत यायचा धीर होईना. धोतरावर गव्हल्यांशेजारी नखुल्यांची रांग वाढत होती. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. त्याच घटकेला दूर कुठं तरी अजून एक अंगठा फिरत असेल, उत्तराला वाटलं. ती गुणगुणली, आधी मनात, मग मोठ्यानं:

काळं नेसून कोण बाई दर्यापल्याड बसे,
वैभूच्या रुखवतात तिचा नखुला हसे.

"ही कोण गं दर्यापल्याडची?" वहिनींनी विचारलं.

"आहे एक. आपल्यातलीच," उत्तरा म्हणाली, आणि पुढची चिमूट घेतली.