सुगियामाईच्या अंगणातली शिरगणती

गंगेच्या दोन धारांमधला तो दियारा कुठल्या जिल्ह्यात येतो हे एका गंगामाईलाच ठाऊक, आणि तीही दर मोठ्या पुरानंतर मत बदलते. मागल्या शिरगणतीला ते बेट भागलपुरात होतं, या खेपेला कटिहारात. माणसं तीच, मका तोच, परवलाचे वेलही तेच. शिव्या कुठल्या कचेरीला घालायच्या तेवढं बदललं. सुगियामाईला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचा तोरा एकाच गोष्टीचा: तीन लेक, तीन सुना, अकरा नातवंडं, आणि अंगणात चूल एक. साऱ्या वस्तीत असं दुसरं घर नाही, हे ती दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

घात केला तो शिरगणतीनं. जितक्या चुली तितकी कुटुंबं, आणि जितकी कुटुंबं तितकी सरकारी पक्की घरं, अशी वस्तीत आवई उठली. मग काय विचारता. आठवड्याभरात जो तो चिखल कालवून चुली थापायला बसला. चाळीस वर्षं संसार केलेल्या एका जोडप्यानं दोन चुली मांडल्या आणि खरं वाटावं म्हणून भांडणही सुरू केलं. ते अजून मिटलेलं नाही.

थोरला बिंदेसर सकाळी सकाळी पाया पडायला आला, तेव्हाच माईनं ओळखलं की काहीतरी काळंबेरं आहे.

"एका दिवसाचं नाटक आहे, माई. शिरगणतीचे मास्तर लिहून गेले की चुली मोडू."

"माझ्या जिवंतपणी घर फोडता काय रे, मुडद्यांनो?"

"फोडतोय कुठं? एकाची तीन होतायत."

धाकटा पप्पू म्हणाला, "पूर आला की पळायला तुझे गुडघे राहिलेत का? पक्कं घर बरं नाही का?"

ते मात्र खरं होतं. गेल्या दोन पुरांत तिला खाटेसकट नावेत टाकावं लागलं होतं. ती हो म्हणाली, पण तिला मनातून फार वाईट वाटलं.

गणतीच्या दिवशी अंगणात तीन नव्या चुलींचे धूर निघाले. सुनांना तर सुट्टी लागल्यासारखं झालं होतं. मधलीनं लग्नानंतर पहिल्यांदा आपल्या मनाजोगती मिरची घातली आणि गाणंही म्हटलं. माई आपल्या थंड चुलीशेजारी खाटेवर बसून बघत राहिली.

जागेश्वर मास्तर दुपारी गणतीचे कागद घेऊन आले. बिंदेसरनं सात माणसं सांगितली, मधल्या नागेसरनं सहा, पप्पूनं चार. मास्तरांनी सतरा मांडले, मग अंगणातली डोकी मोजली आणि पुन्हा मोजली.

"अठरा भरतायत. हे एक कुणाचं?"

"माई नागेसरकडे असेल," बिंदेसर म्हणाला.

"मला वाटलं पप्पूकडे. लाडका तोच," नागेसर म्हणाला.

"आई थोरल्याकडे असते, रीतच आहे," पप्पू म्हणाला.

कुणीच खोटं बोलत नव्हतं, हेच जास्त वाईट.

मास्तरांनी खाटेकडे पाहिलं. "माई, आज कुणाकडे जेवलात?"

थोरलीला वाटलं मधलीनं वाढलं असेल, मधलीला वाटलं धाकटीनं, आणि धाकटीला वाटलं थोरलीनं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथं तीन घरची आई सकाळपासून पाण्यावर होती. तिला रडू आलं, आणि या गाढवांसमोर रडू आलं म्हणून स्वतःचाच संताप आला.

तिन्ही सुना ताटं घेऊन धावल्या. "लिहा, मास्तर, आमच्याकडे लिहा," तिन्ही लेक एकदम म्हणाले.

"ठेवा ती ताटं," माई म्हणाली. "मास्तर, चौथं कुटुंब लिहा."

"चूल पेटलेली लागते, माई."

ती गुडघ्यांवर हात टेकत उठली. चुलीत तागाच्या वाळक्या काड्या सारल्या, शेजारच्या चुलीतला निखारा ठेवला, फुंकर मारली, भाताचं भगुलं चढवलं. मदतीला आलेल्या बिंदेसरला तिनं फुंकणी दाखवली तसा तो मागे सरला.

"प्रमुख कोण?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"माणसं?"

"एक."

मास्तरांची लेखणी थांबली. "आणि ही पोरं, माई?"

"शेजारी राहतात," माई म्हणाली. "माणसं तशी बरी आहेत."